डोहाचा पांढरा पट्टा

घाटाच्या पायथ्याला एक दाट जंगल होते आणि त्या जंगलातल्या एका अरुंद ओढ्याकाठी एक पाणमांजरी आपल्या एकुलत्या एका लेकीसह राहत असे. पाणमांजर म्हटल्यावर, बालमित्रांनो, तुम्ही दूध पिणारे मांजर डोळ्यांपुढे आणाल तर फसाल. पाणमांजर म्हणजे लांबट अंगाचा, बोटांना पडदे असलेला आणि मासे-खेकडे खाऊन जगणारा प्राणी. त्याचे सगळे आयुष्य पाण्यात जाते. गंमत अशी, की त्याच्या पिल्लाला जन्मतः पोहता मात्र येत नाही. उलट ते पाण्याला चांगलेच भिते. मग आई त्याला मानगुटीला धरून पाण्यात नेते, ते रडते, हातपाय झाडते आणि हळूहळू शिकते. शिकावेच लागते. कारण उन्हाळ्यात ओढे आटतात, मासे कमी होतात आणि आई कितीही मायाळू असली तरी तिला दोन पोटे भरता येत नाहीत. तोवर ज्या पिल्लाला मासा धरता आला नाही, त्याचे काही खरे नसते.

या पाणमांजरीचा आपल्या लेकीवर फार जीव होता. जीव असला की माणसाला काय नि प्राण्याला काय, स्वप्ने पडू लागतात. तिचे स्वप्न एकच होते : लेकीने मोठ्या डोहावर शिकावे.

हा मोठा डोह ओढ्याच्या वरच्या अंगाला होता. त्याचे पाणी काळेभोर आणि खोल. त्या खोल पाण्यात एक म्हातारे पाणमांजर राहत असे. सगळे त्याला गुरुजी म्हणत. त्याच्या हाताखाली शिकलेले पाणमांजर कुठल्याही नदीत उपाशी राहत नाही, अशी डोहाची ख्याती होती. आता ख्याती म्हटली की गर्दी आलीच. दर वर्षी पावसाळा सरून पाणी निवळले की दूरदूरच्या ओढ्यांवरून पिल्ले तिथे जमत. त्यांतली मोजकीच निवडली जात आणि निवडलेल्यांच्या कपाळावर पांढऱ्या मातीचा एक रुंद पट्टा ओढला जाई. ज्याच्या कपाळावर पट्टा, त्यालाच डोहाकाठच्या उंच कातळावर बसायला मिळे. तो पट्टा लांबूनही दिसायचा. तो दिसला की परक्या ओढ्यावरची पाणमांजरेसुद्धा बाजूला होऊन वाट देत.

ओढ्यावर वाकलेल्या जांभळाच्या फांदीवर एक खंड्या पक्षी बसत असे. त्याला मासे पकडण्यापेक्षा सल्ले देण्याची हौस अधिक.

"अहो ताई," तो एके सकाळी पाणमांजरीला म्हणाला, "लेकीला डोहावर पाठवायचं ना? मग हे मासेबिसे शिकवणं आधी बंद करा."

"ते का हो, खंड्याभाऊ?"

"माझा आतेभाऊ तिथल्याच करंजावर बसतो. त्याला आतलं सगळं ठाऊक आहे. निवडीच्या दिवशी दोनच गोष्टी बघतात. सरळ रेषेत डोह पार करायचा आणि काठाजवळच्या उथळ पाण्यातून एक गुळगुळीत गोटा वर आणायचा. मासा कोणी विचारत नाही. मग शिकवायचा कशाला?"

पाणमांजरीला ते पटले. त्या दिवसापासून ओढ्यावर गोट्यांची तयारी सुरू झाली. लेक सकाळी गोटा आणी, दुपारी गोटा आणी, संध्याकाळी आई म्हणे, "आणखी एकदा, बाळ." मध्येच एखादा मासा शेपटी हलवत जवळून गेला आणि लेकीची मान तिकडे वळली, की आई दटावी, "तो नंतर! आधी गोटा." लेक दमून काठावर आडवी होई आणि आई मासे धरून तिला भरवी. तिचे लाडके पोर इतके कष्ट करत होते, त्याला भरवायला आईला कसला कंटाळा!

पाणमांजरीचा भाचाही याच सुमारास तिच्याकडे राहायला आला होता. लेक त्याला दादा म्हणे. तिच्या बहिणीला नवी पिल्ले झाली होती, तेव्हा जरा मोठ्या झालेल्या या भाच्याने मावशीकडे यावे हे ओघानेच आले. मावशीने त्यालाही गोट्याच्या तयारीला बसवले. पण त्याचे लक्ष गोट्यात कमी आणि गोट्याखाली काय आहे यात जास्त.

निवडीचा दिवस उजाडला. पट्टेवाली थोर पाणमांजरे कातळावर ओळीने बसली. लेकीने सरळ रेषेत डोह पार केला, बुडी मारली आणि असा काही गोल गरगरीत गोटा आणला की कातळावरच्या माना डोलल्या. तिच्या कपाळावर पांढरा पट्टा ओढला गेला. काठावर उभ्या असलेल्या पाणमांजरीचे डोळे भरून आले.

मग भाच्याची पाळी आली. तो पाण्यात गेला तो बराच वेळ वर येईना. आला तेव्हा त्याच्या तोंडात एक मोठा खेकडा होता.

"गोटा सांगितला होता," कातळावरून आवाज आला.

"पण खेकडा दिसला ना!" भाचा म्हणाला.

"खेकडा कोणी विचारला होता? पुढचा येऊ द्या!"

भाचा झुडपामागे जाऊन खूप रडला. रडता रडता त्याने तो खेकडा खाल्ला, हे मात्र खरे.

निरोप घेताना पाणमांजरीने लेकीला पोटाशी धरले. अशा वेळी आईच्या मनात सांगण्यासारखे किती असते! वेळेवर खा, अंग कोरडे करून झोप, कोणाशी भांडू नकोस. त्यातले तिला काहीच आठवले नाही. ती एवढेच म्हणाली, "पट्टा जप हो, बाळ."

"जपेन, आई," लेक म्हणाली.

ओढ्यावर परतल्यावर पाणमांजरीला करमेना. कोणाला भरवायचे, कोणाला दटावायचे? मग ती भाच्याच्या मागे लागली. गोट्याचे काम संपले होते, त्यामुळे आता मासेच शिकवायचे उरले होते. पाणी गढूळ असेल तर मिशांनी मासा कसा ओळखायचा, कपारीतली सापासारखी लांब वाम शेपटीकडून का धरू नये, असे ती एकेक दाखवत गेली. भाचा काही फार हुशार नव्हता. वामेने त्याच्या तोंडावर फटका मारला तो शेपटीकडून धरू नको असे बजावल्यावरच. मावशी वैतागून म्हणे, "माझी लेक एव्हाना कुठल्या कुठे पोचली असेल, आणि तू बघ!" भाचा मान खाली घाली आणि पुन्हा बुडी मारी. थंडी पडेपर्यंत त्याला आपले पोट आपण भरता येऊ लागले. मावशीच्या ते नीटसे ध्यानातही आले नाही, कारण तिचे सगळे चित्त वरच्या डोहाकडे लागलेले होते.

थंडी ओसरू लागली तशी लेक काही दिवसांसाठी घरी आली. खंड्याने तिला लांबूनच पाहिले आणि साऱ्या ओढ्याला वर्दी दिली, "आली! पट्टेवाली आली!" खरोखरच कपाळावरचा पट्टा अगदी पहिल्या दिवसासारखा पांढराशुभ्र होता. बेडूक बाजूला झाले. कासवाने मान बाहेर काढून पाहिले. पाणमांजरी धावत गेली आणि तिने लेकीला घट्ट मिठी मारली.

मिठीत तिच्या हाताला लेकीच्या बरगड्या लागल्या.

ती चरकली. पण आल्या आल्या काय विचारायचे, असे तिला वाटले. तेवढ्यात पाण्यात एक मरळ उसळली. पाणमांजरी आणि भाचा दोघेही सटकन पाण्यात गेले. लेक मात्र काठावरच्या दगडावर पाय पोटाशी घेऊन बसून राहिली.

"ये ना गं!" आईने हाक मारली.

"नको. मी इथेच बरी आहे," लेक म्हणाली.

आईने मरळ आणून तिच्यापुढे ठेवली. लेकीने ती काट्यांसकट खाल्ली, इकडेतिकडे न पाहता खाल्ली. भाच्याने आपला अर्धा खाल्लेला झिंगा हळूच तिच्याकडे सरकवला, तोही तिने संपवला. मग भाच्याने विचारले, "डोहात खूप खोल गेलं की कान दुखतात का गं?" त्याच्या विचारण्यात खोच नव्हती. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते.

"खोल पाण्याबद्दल कातळावर रोज बोलणं होतं," लेक सांगू लागली. "पाण्याचा दाब, पाण्याचा रंग, खालचे मोठे मासे. परवाच या विषयावर दोन बाजू पडल्या होत्या आणि..."

"हो, पण दुखतात का?"

लेकीने मान दुसरीकडे वळवली. भाचा बिचारा ओशाळला आणि उगाच वाळूत नखांनी रेघोट्या ओढू लागला.

संध्याकाळी लेक आईच्या कुशीत शिरली. पाणमांजरी तिला चाटू लागली. आधी मान, मग कान, मग गाल. लहानपणापासून ती तिला अशीच चाटत आली होती. चाटता चाटता ती कपाळापाशी आली आणि तिची जीभ थांबली. पट्टा पुसला तर? पोटच्या पोरीचे कपाळ चाटायची आईला भीती वाटली, आणि त्या भीतीचीच तिला लाज वाटली. तिला रडू आले.

"बाळ, खरं सांग," ती म्हणाली, "तू तिथे खातेस काय?"

"कातळाच्या फटीत किडे असतात. कधी एखादं बेडकाचं पोर सापडतं. तोंड न भिजवता जे मिळेल ते."

"आणि मासे? गुरुजी मासे धरायला शिकवत नाहीत?"

"गुरुजी खोल पाण्यात असतात, आई. मी त्यांना अजून पाहिलेलंच नाही. आमच्यातल्या कोणीच नाही पाहिलेलं." लेक आईला आणखी बिलगली. "पाण्यात गेलं की पट्टा धुऊन जातो. पट्टा गेला की कातळावरची जागा जाते. म्हणून कोणीच पाण्यात उतरत नाही. मला मासा धरता येत नाही, आई. मला फक्त गोटा आणता येतो. आता उन्हाळा आला की मी काय करू?"

पाणमांजरीला आपली चूक दिसली. लेकीला तिथे पाठवले तिने, गोट्याला जुंपले तिने आणि पट्टा जप म्हणूनही तिनेच सांगितले. ती बराच वेळ लेकीला थोपटत राहिली.

"चुकलं माझं," शेवटी ती म्हणाली. "मी तुला पट्टा जपायला सांगितलं. तुला जप म्हणायचं राहून गेलं."

"मग मी आता डोहावर जाऊ नको का? इथेच राहू? दादासारखी?"

पाणमांजरीच्या ओठांवर 'हो' आले होते. लेक जवळ राहील, डोळ्यांपुढे राहील, यापेक्षा तिला आणखी काय हवे होते! पण तिने ते गिळले. "इथे राहिलीस तर मला जेवढं येतं तेवढं सगळं शिकवीन," ती म्हणाली. "दादाला शिकवलंच ना. तो सुखात आहे आणि पुढेही राहील. डोहावर गेलं नाही म्हणून कोणाचं काही अडत नाही, हे मला आता कळलं. पण डोहही वाईट नाही गं. एवढं खोल पाणी माझ्याकडे नाही, ते तिथेच आहे. फक्त तू डोहावर राहिलीस, डोहात गेलीच नाहीस. कुठे राहायचं ते तू ठरव. जिथे राहशील तिथे पाण्यात मात्र उतर."

"पट्टा गेला तर मला कातळावर बसू देणार नाहीत."

"बसायला काय, दगड इथेही पुष्कळ आहेत."

लेकीला रडता रडता हसू आले. मग तिने डोके आईच्या पायांवर टेकले. खाली ओढ्याचे पाणी वाहत होते, ते ती ऐकत राहिली असावी. थोड्या वेळाने तिने मान वर केली आणि आपले कपाळ आईच्या तोंडापुढे आणले.

"चाट," ती म्हणाली.

पाणमांजरीने तिचे कपाळ चाटले. पट्ट्याची चव साध्या मातीसारखीच होती. चाटून चाटून तिने ते कपाळ लख्ख केले, आणि खालून लेकीचे ते जुने, तपकिरी, मऊ कपाळ दिसले तेव्हा तिला आपले पोर इतक्या महिन्यांनी आज घरी आल्यासारखे वाटले.

सकाळी खंड्याने पाहिले आणि तो फांदीवरून पडायचाच बाकी राहिला. "अहो ताई, काय केलंत हे! लागलेला पट्टा कोणी पुसतं का? आतेभावाला मी आता काय तोंड दाखवू?"

"तुमचंच दाखवा, खंड्याभाऊ," पाणमांजरी म्हणाली आणि लेकीला घेऊन पाण्यात उतरली.

त्यानंतरचे काही आठवडे ओढ्यावर नुसता दंगा होता. लेक मासा धरू जाई आणि मासा निसटे. ती चिडे. भाचा मोठ्या रुबाबात सांगे, "वाम शेपटीकडून धरू नये," आणि ती नेमकी शेपटीकडूनच धरी, मग फटका खाल्ल्यावर दोघे खो खो हसत. पहिला मासा तिने धरला तो करंगळीएवढा होता. तरी तो तोंडात घेऊन ती साऱ्या ओढ्यावर मिरवून आली. अंग भरू लागले, केस तुकतुकीत झाले. पुढे भाचा खालच्या अंगाची एक बरी जागा बघून आपल्या वाटेने गेला, आणि त्याचे तिथे छान बस्तान बसले. लेक मात्र एके सकाळी म्हणाली, "आई, मला डोहाचा तळ बघायचा आहे."

पाणमांजरी तिला सोडायला डोहापर्यंत गेली. कातळावर पट्टेवाली पिल्ले ऊन खात बसली होती. ती आता फारच रोडावली होती. लेकीचे रिकामे कपाळ पाहून त्यांच्यात कुजबूज झाली.

"तुझा पट्टा कुठे गेला?" एकाने विचारले.

"आईने चाटला," लेक म्हणाली.

कातळावर हशा पिकला. हसू ओसरायच्या आतच लेकीने डोहात उडी मारली.

काळ्या पाण्यावर बुडबुड्यांची एक माळ निघाली. पाणमांजरीची नजर त्या बुडबुड्यांवर खिळली. माळ काठापासून लांब गेली, मधोमध गेली आणि तिथे थांबली. बुडबुडे विरळ झाले. मग दिसेनासे झाले.  आपण हिला घरी ठेवायला हवे होते, हिला एवढ्या खोल पाण्याची काय गरज होती, असे सगळे तिच्या मनात येऊन गेले. ती स्वतःच उडी मारायला पुढे झाली. इतक्यात खालून पुन्हा बुडबुडे आले, आणि या वेळी ते दोन जागांवरून येत होते.

आधी लेकीचे डोके वर आले. तिच्या नाकाला आणि मिशांना पांढरी माती लागली होती, कारण डोहाच्या तळाशी तीच होती. तिच्या तोंडात एक मोठा मासा तडफडत होता. तिच्या शेजारी एक म्हातारे, पांढऱ्या मिशांचे डोके वर आले. त्या कपाळावर पट्टाबिट्टा काही नव्हता. सतत पाण्यात असणाऱ्याच्या कपाळावर माती टिकणार तरी कशी?

"बरं झालं कोणीतरी आलं," गुरुजी म्हणाले. "किती दिवस मी एकटाच खाली वाट बघतोय. मासा ठीक धरलास, पण वळताना घाई करतेस. चल, परत दाखवतो."

कातळावर आता कोणी हसत नव्हते. एक लहानसे पिल्लू उठून पाण्याच्या कडेपर्यंत आले आणि एक पाय पाण्यात घालून पाहू लागले.

लेकीने मासा दगडावर टाकला आणि ती तो खाऊ लागली. आई भरवेल म्हणून ती थांबली नाही. मासा आईला दाखवायचेही तिच्या ध्यानात आले नाही. तिला घाई होती. शेवटचा घास तोंडात असतानाच ती वळली आणि गुरुजींच्या मागोमाग पाण्यात दिसेनाशी झाली.

पाणमांजरी थोडा वेळ तिथेच उभी राहिली. लेकीने आपल्याकडे वळूनही पाहिले नाही, याचे तिला वाईट वाटले, आणि त्याहून कितीतरी अधिक बरे वाटले. डोळे पुसून ती ओढ्याच्या वाटेला लागली. वाटेत तिला भूक लागली, तेव्हा तिने एक मासा धरला आणि पुष्कळ महिन्यांनी तो सगळाच्या सगळा स्वतः खाल्ला.

तात्पर्य : नामांकित विद्यालयात प्रवेश मिळाला म्हणून विद्या मिळत नाही आणि तो हुकला म्हणून ती हुकत नाही, जो जिथे असेल तिथे पाण्यात उतरतो तोच शिकतो, आणि असा शिकणारा भेटला तरच मोठ्या डोहाच्या खोलीचा काही उपयोग होतो.